जिन्याच्या भिंतीवर सिरॅमिक शिल्प: मोजमापापासून बसवण्यापर्यंत, काय आधी आणि काय नंतर

भिंतीवरचं मोठं सिरॅमिक काम बिघडतं ते बहुतेक वेळा मातीमुळे नाही, क्रम चुकल्यामुळे. आधी स्टुडिओत काम तयार होतं, भट्टीतून निघतं, मग भिंत शोधली जाते आणि सगळ्यात शेवटी गवंड्याला विचारतात की आता हे लावायचं कसं. तोपर्यंत मागे खाच ठेवलेली नसते, भोकं नसतात, वजन कोणी काढलेलं नसतं, भिंत कशाची आहे हेही माहीत नसतं. मग पुट्टीवर चिकटवलेलं काम पहिल्या पावसाळ्यात सुटतं. हाच प्रश्न मला सारखा विचारला जातो म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

उदाहरण एकच धरू म्हणजे आकडे डोक्यात राहतील. पुण्यातली तीन मजली इमारत, आतला जिना, लँडिंगची भिंत, आणि त्यावर तयार झाल्यावर १८० सेंमी रुंद, २४० सेंमी उंच असं उठावाचं काम. स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला दगडासारखी घट्ट होणारी), १२२० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली. तुमची जागा ऑफिसची लॉबी असेल, शाळेचा व्हरांडा असेल, तरी क्रम हाच.

१. आधी भिंत आणि जागा

मातीच्या पिशवीला हात लावायच्या आधी त्या जागेत किमान तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन या, सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर. कॅमेरा एकाच जागी ठेवून फोटो काढा. उठावाचं काम म्हणजे अर्धं काम सावलीचंच असतं आणि ती सावली तुम्ही नाही, खिडकी ठरवते.

बाहेरच्या किंवा उघड्या जिन्याच्या भिंतीसाठी एक गोष्ट फार लोक विसरतात. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे 'उत्तरेची भिंत, तिथे कुठे ऊन येतंय' असं म्हणून सोडलेल्या भिंतीवर ऐन उन्हाळ्यात वरून घासत येणारं ऊन पडतं. डिसेंबरात दक्षिणेच्या भिंतीवर भर दुपारी १ सेंमी उठावाची सावली जेमतेम १ सेंमी पडते, आणि जूनच्या मध्यात उत्तरेच्या भिंतीवर तोच १ सेंमी उठाव दुपारी १० सेंमीच्या वर सावली टाकतो (ढग नसतील तर). तेच शिल्प, पण एका भिंतीवर नाजूक आणि दुसऱ्या भिंतीवर काळे पट्टे. हे आधी कळलं तर तुम्ही उठावाची खोली बदलाल, नंतर कळलं तर काही करता येत नाही.

मग माणसं बघा. जिन्यात माणूस समोर उभा राहून बघत नाही, खालून वर येताना तिरकं बघतो आणि वरून उतरताना वरून बघतो. पायरीवर उभ्या माणसाची नजर कुठे येते ती खडूने भिंतीवर खूण करा, खालच्या पायरीवरून, मधल्या, वरच्या. लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये ब्रिटिश सिरॅमिक कलाकार एडमंड डी वाल यांनी २००९ मध्ये ४२५ पोर्सेलिनची भांडी घुमटाखाली उंच लाल शेल्फवर मांडली, खाली जमिनीवर उभं राहून वर बघायचं. एवढ्या उंचीवर एकेका भांड्याचा बारकावा पोचत नाही, पोचतात ती भांड्यांमधली अंतरं आणि त्यांचे गट. तुमच्या भिंतीचा वरचा दीड मीटर असाच असेल तर तिथे नखाएवढी नक्षी कोरत बसू नका, ती ताकद हाताच्या आणि नजरेच्या उंचीवर खर्च करा.

आता मोजमाप. भिंत चौकोनी आहे असं धरून चालू नका, ती नसते. रुंदी तीन ठिकाणी मोजा, उंची तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कर्ण मोजा. ओळंबा सोडून भिंत किती बाहेर झुकली आहे ते बघा आणि दोन मीटरची सरळ पट्टी लावून पोट किंवा खड्डा किती आहे तेही लिहून ठेवा. ३ मिमीपर्यंत चालतं, त्याच्या वर गिलावा दुरुस्त करावा लागेल.

भिंत कशाची आहे हे ओळखायची सोपी पद्धत म्हणजे कोपऱ्यात ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा आणि भुकटी बघा. गिलाव्याची राखाडी भुकटी संपल्यावर लाल आली तर वीट, राखाडीच राहिली आणि ड्रिल अडायला लागलं तर काँक्रीट, पांढरट मऊ पिठासारखी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा). सुरुवातीलाच पांढरी गुळगुळीत भुकटी आली तर वर जिप्समचा गिलावा आहे, नव्या इमारतींत हा सर्रास असतो आणि त्याच्यावर थेट जड काम चिकटवायचं नाही. पोकळ लागलं तर ड्रायवॉल, तिथे एवढं जड काम विसरा.

तपासा:
- भिंतीत वायरिंग आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत. नकाशा मागा, नसेल तर वायर शोधायचं डिटेक्टर वापरा.
- ओल. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब धरले असतील किंवा भिंत काळपट दिसली तर आधी गळती बंद करा. लोणा लागलेल्या भिंतीवर काहीच टिकत नाही.
- सोसायटीची किंवा मालकाची लेखी परवानगी, आणि १०० किलोच्या वर काम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत.

२. जागेचं मॉडेल, नुसत्या शिल्पाचं नाही

इथे बहुतेक जण शिल्पाचं छोटं मॉडेल करतात आणि तिथेच चुकतात. मॉडेल जिन्याचं करा, एकास दहा मापात, पुठ्ठ्याचं, पायऱ्या, कठडा, खिडकी, दिवा सगळं घेऊन, आणि त्यात भिंतीवर मातीचा पातळ उठाव लावा. मोबाइलचा टॉर्च खिडकीच्या जागेवरून मारा, मग दिव्याच्या जागेवरून. डोळा पायरीच्या पातळीला आणून बघा.

त्यानंतर पूर्ण मापाचा खाकी कागद. १८० बाय २४० चा कागद प्रत्यक्ष भिंतीवर टेपने लावा, मुख्य रेषा कोळशाने काढा आणि जिथे उठाव जास्त आहे तिथे थर्माकोलचे तुकडे चिकटवा. आठवडाभर तसाच राहू द्या. जिना वापरणारी माणसं कुठे खांदा घासतात, सामान चढवताना कुठे धक्का लागतो, मुलं कुठे हात लावतात, हे कागद फाटतो त्याच्यावरून कळतं. जिना ही आणीबाणीत बाहेर पडायची वाट पण आहे, त्यामुळे माणसाच्या उंचीपर्यंत उठाव ५-६ सेंमीच्या वर नेऊ नका असं माझं ठाम मत आहे. मोठे उठाव हवे असतील तर ते दोन मीटरच्या वर न्या.

हाताला लागणाऱ्या भागाचा विचार इथेच करा. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात २०१० साली चिनी कलाकार आय वेवे यांचं पोर्सेलिनच्या सूर्यफूल बियांचं काम जमिनीवर पसरलेलं होतं, लोकांनी त्यावर चालावं अशीच कल्पना होती, पण पायाखाली घासून उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच त्यावर चालणं बंद करावं लागलं. माणसाचा स्पर्श सामानावर काय करतो हे आधी तपासायचं असतं. जिन्यात कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात धारदार कडा नकोत, ग्लेझचा काचेसारखा थर नसलेला खडबडीत भाग नको (तेलकट हातांनी काळा पडतो), आणि बोट अडकेल अशी फट नको.

३. लावायची पद्धत आत्ताच ठरवा

हा टप्पा मातीच्या आधी येतो, हे दोनदा वाचा.

वजन काढू. भाजलेल्या स्टोनवेअरची घनता साधारण २.२ धरा. सरासरी जाडी १५ मिमी असेल तर चौरस मीटरला ३३ किलो. आपली भिंत ४.३२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४३ किलो माती आणि अधेसिव्हचे ३५-४० किलो, एकूण १८० किलोच्या आसपास.

पर्याय तीन. पहिला, टाइल अधेसिव्हने थेट चिकटवणं. विटेच्या किंवा काँक्रीटच्या चांगल्या भिंतीवर, तुकडे पाच किलोच्या आत असतील तर हा सगळ्यात सोपा मार्ग. अधेसिव्हच्या पिशवीवर सी२टीई एस१ असा वर्ग बघून घ्या: सी२ म्हणजे जास्त पकड, टी म्हणजे उभ्या भिंतीवर घसरत नाही, ई म्हणजे पसरल्यावर तुकडा लावायला थोडा जास्त वेळ देतं, एस१ म्हणजे थोडी लवचिकता. साधं सिमेंट नको, ते आकसतं आणि जड तुकडा सोडून देतं.

दुसरा, अधेसिव्ह अधिक स्टीलची पिन किंवा स्क्रू. डोक्याच्या वर असलेला, पाच किलोहून जड किंवा ५ सेंमीहून जास्त बाहेर आलेला कुठलाही तुकडा मी नुसत्या चिकटीवर सोडत नाही. अधेसिव्ह कितीही भारी असो, खालून माणसं जातात. मुंबई, अलिबाग, गोवा अशा खाऱ्या हवेत ३१६ ग्रेडचं स्टील घ्या, पुण्यात आतल्या भिंतीला ३०४ चालतं. साधा लोखंडी स्क्रू गंजतो, फुगतो आणि तुकडा फोडतो.

तिसरा, आधी फ्रेमवर काम बसवून फ्रेम भिंतीला अँकर करणं. एएसी ब्लॉकची भिंत, भाड्याची जागा किंवा काम पुढे हलवायची शक्यता असेल तर हाच. खर्च वाढतो आणि काम भिंतीपासून ४-५ सेंमी पुढे येतं, ती कडेची सावली आधीच डिझाइनमध्ये धरावी लागते. एएसीला त्यासाठीचेच खास अँकर लागतात, नेहमीचा रावळप्लग फिरत राहतो.

आपल्या उदाहरणात भिंत विटेची, म्हणून खालचा भाग नुसत्या अधेसिव्हवर आणि दोन मीटरच्या वरचे सगळे तुकडे पिन लावून.

४. मातीची चाचणी आणि आकसण्याचं गणित

सर्वात जास्त चुका इथेच होतात.

तुम्ही जी माती वापरणार, त्याच लॉटच्या मातीच्या पाच पट्ट्या करा, १४ सेंमी लांब, ४ रुंद, १ जाड. ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर १० सेंमीची रेघ कोरा. सुकल्यावर मोजा, शेवटच्या भाजणीनंतर मोजा. रेघ ८.८ सेंमी झाली म्हणजे आकसणं १२ टक्के.

आता गणित. लोक १८० मध्ये १२ टक्के मिळवतात आणि २०१.६ सेंमीचं काम करतात. ते भाजून निघतं १७७.४ सेंमी. उंचीत तर साडेतीन सेंमी कमी पडतं. कारण १२ टक्के आकसतात ते ओल्या मापाचे, तयार मापाचे नाही. म्हणून भागायचं: तयार माप भागिले ०.८८. १८० चे होतात २०४.५ आणि २४० चे २७२.७.

थांबा, सांधेही यात धरायचेत. समजा आडवे ६ आणि उभे ८ असे ४८ तुकडे, मधे ३ मिमीचे सांधे. रुंदीत ५ सांधे म्हणजे दीड सेंमी गेले, उरले १७८.५, भागिले ६ म्हणजे तयार तुकडा २९.७ सेंमी, आणि ओला तुकडा ३३.८ सेंमी. हा ओला तुकडा तुमच्या भट्टीच्या शेल्फवर चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी सोडून बसतोय का ते आत्ता बघा. बसत नसेल तर तुकडे वाढवा, भट्टीत दाबून बसवू नका.

माती ग्रॉगवाली (भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली) घ्या, २० ते ३० टक्के ग्रॉग, नाहीतर एवढे सपाट तुकडे वाकतात. किती घ्यायची? १४३ किलो भाजलेल्या कामाला साधारण २०० किलो ओली माती लागते, कारण पाणी जातं आणि भाजताना अजून थोडं वजन जातं. त्यावर जादा तुकडे आणि वाया जाणारी धरून २५० किलो एकदम, एकाच लॉटची मागवा. मधे माती संपली आणि दुसरा लॉट आला की रंगही बदलतो आणि आकसणंही.

ग्लेझच्या चाचणीच्या पट्ट्या उभ्या भाजा, कारण काम उभं राहणार आहे आणि उठावाच्या कडांवर ग्लेझ पातळ, खड्ड्यांत जाड बसतं. या पट्ट्या स्टुडिओच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, जिन्यात नेऊन भिंतीला धरून बघा. स्टुडिओत छान दिसणारं चकचकीत ग्लेझ जिन्याच्या एका स्पॉटलाइटखाली नुसता एक पांढरा चट्टा होऊन बसतं आणि उठाव दिसेनासा होतो. मला स्वतःला अशा जागेत मॅट किंवा सॅटिनच आवडतं.

बाहेरच्या भिंतीसाठी पाणी शोषण पण काढा: कोरड्या तुकड्याचं वजन, मग काही तास पाण्यात उकळून, पुसून पुन्हा वजन. ३ टक्क्यांच्या वर गेलं तर जास्त भाजा किंवा माती बदला.

५. घडवणं आणि कापणं

कागदाचा मोठा केलेला साचा (सांधे वजा करून २०२.८ बाय २७०.३ चा, त्याला मी मोठा नकाशा म्हणतो) प्लायवर पसरा. प्लाय साधारण ७० अंशात तिरका उभा करता आला तर उत्तम, म्हणजे उठाव तसा दिसतो जसा भिंतीवर दिसणार. जमत नसेल तर जमिनीवर करा पण रोज शिडीवर चढून वरून बघा.

१. मातीचा थर १२ मिमी जाडीत लाटून सगळा नकाशा भरून घ्या, खाली वर्तमानपत्र किंवा कापड असू द्या म्हणजे सुकताना माती सरकेल.

२. उठाव चढवा, खालचा भाग खरवडून आणि स्लिप (त्याच मातीचं पातळ कालवण) लावूनच. हवा अडकली तर भट्टीत आत साचलेल्या ओलीची वाफ तो भाग उडवते.

३. एक-दोन दिवस प्लास्टिकखाली ठेवून लेदर हार्ड, म्हणजे चामड्यासारखं घट्ट होऊ द्या. बोटाने दाबल्यावर ठसा जेमतेम उमटला पाहिजे.

४. आता कापा. आणि इथे चौकटीच्या जाळीत कापायचा मोह आवरा, नाहीतर कितीही सुंदर काम असलं तरी बाथरूमच्या टाइल्ससारखं दिसतं. सांधा उठावाच्या सावलीत लपवा, आकाराच्या कडेने न्या. ४८ तुकड्यांचं गणित मापापुरतं, आकार वेगवेगळे असू देत. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं लखनौच्या रवींद्रालय नाट्यगृहावरचं १९६३ चं टेराकोटा म्यूरल (भित्तिशिल्प) जमलं तर प्रत्यक्ष बघा, लहान लहान तुकड्यांतून मोठी भिंत कशी बांधली जाते ते तिथे समोरच दिसतं. दोन गोष्टी मात्र टाळा: अरुंद मान असलेला तुकडा आणि टोकदार लांब कोपरा. दोन्ही हमखास तुटतात.

५. तुकडा उलटा करून स्पंजवर ठेवा आणि जिथे जाडी २५ मिमीच्या वर आहे तिथे मागून पोखरा. पोखरलेल्या जागेत आडव्या-उभ्या बरगड्या ठेवा, सगळं पोकळ केलं तर तुकडा वाकतो आणि अधेसिव्ह धरायला जागा उरत नाही. मागच्या पृष्ठभागावर आत रुंद, तोंडाशी अरुंद अशा खाचा करा.

६. पिनची भोकं. ८ मिमीचा स्क्रू असेल तर ओल्या मातीत ८ मिमीचं भोक करून चालत नाही, ते भाजून ७ मिमी होतं. १०-११ मिमी करा म्हणजे थोडी सरकवायलाही जागा राहते. भोक कडेपासून निदान ३ सेंमी आत.

७. नंबर. मागे कोरा, पेनने लिहू नका, पेन भट्टीत जळून जातो. ओळ, क्रमांक आणि वर दाखवणारा बाण. तोच नंबर नकाशावर.

तपासा: कापून झाल्यावर सगळे तुकडे पुन्हा नकाशावर लावून वरून एक फोटो काढा. बसवताना हाच फोटो सगळ्यात जास्त कामाला येतो.

६. सुकवणं

घाई केलेलं जवळजवळ सगळं इथेच वाकतं. कडा आधी सुकतात, मध्य ओला राहतो, आणि कडा वर उचलतात. म्हणून कडांवर प्लास्टिकच्या पट्ट्या टाका, मध्य उघडा ठेवा. सपाट तुकडे जिप्सम बोर्डांच्या मधे ठेवा आणि रोज पालटा. उठावाचे तुकडे जाळीच्या फळीवर, खालूनही हवा लागू द्या. पंखा लावायचा नाही, उन्हात तर अजिबात ठेवायचं नाही.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की आठवड्यात वरून सुकल्यासारखं वाटतं पण आत ओल असते. पावसाळ्यात उलट, तीन-चार आठवडे लागले तरी घाबरू नका. सुकलं का ते कळायला तुकड्याची मागची बाजू गालाला लावा, गार लागली म्हणजे पाणी आहे. ठराविक तुकड्यांचं वजन रोज करून बघितलं तर अजून पक्कं, दोन दिवस वजन उतरलं नाही की तयार.

७. पहिली भाजणी

शेल्फवर बारीक ग्रॉगचा किंवा अल्युमिनाचा पातळ थर पसरा. मोठा तुकडा आकसताना सरकायला हवा, घासून अडकला की मधोमध तडा जातो.

चढवण्याचा वेग: तासाला ५०-६० अंशांनी ९० पर्यंत, तिथे रात्रभर, झाकण किंवा वरचं भोक किंचित उघडं ठेवून. मग ६०० पर्यंत तासाला ८०-१००. या दरम्यान मातीत रासायनिक बांधलेलं पाणी निघतं, आणि ५७३ अंशाला क्वार्ट्झ अचानक फुगतं, उतरताना तितकंच आकसतं. त्यापुढे १५० ने ९८० ते १००० पर्यंत. थंड होतानाही ५७३ च्या आसपास भट्टी उघडायची नाही, हाताला सोसेल इतकं झाल्यावरच.

८. ग्लेझ आणि दुसरी भाजणी

सगळ्या कामाचं ग्लेझ एकाच बादलीत, एकदम कालवा, ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा आणि लावताना सारखं ढवळत राहा. मागच्या बाजूला आणि कडेच्या शेवटच्या २-३ मिमीवर ग्लेझ नको, ओल्या स्पंजने पुसा. मागे ग्लेझ राहिलं तर तुकडा शेल्फला चिकटतो, आणि सुटला तरी अधेसिव्ह त्याला धरत नाही.

भट्टीत वर, मधे, खाली तापमान सारखं नसतं. प्रत्येक शेल्फवर कोन (ठराविक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका) ठेवा, मीटरवर विसंबू नका. आणि हे नीट लक्षात घ्या: भिंतीवर शेजारी येणारे तुकडे भट्टीतही जवळ ठेवा. एक वरच्या शेल्फवर आणि त्याचा शेजारी खाली गेला तर भिंतीवर दोन रंगांचे ठिगळ दिसतात. जादा तुकडे, चार-पाच तरी, याच भाजणीत काढा. नंतर केलेला तुकडा कधीच तंतोतंत जुळत नाही.

९. जमिनीवर मांडून बघणं

बसवायच्या आधी सगळं काम जमिनीवर, सांध्यांसकट, मोजलेल्या १८० बाय २४० च्या चौकटीत मांडा. कुठे ४-५ मिमी जास्त निघालं तर डायमंड चाकाने घासा, पण पाणी टाकत आणि चांगला मास्क लावूनच, सिलिकाची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. वाकलेला तुकडा सपाट पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर जादातला घ्या.

तपासा: प्रत्येक तुकडा बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, फुटका भद्द आवाज आला तर आत तडा आहे, तो लावू नका.

१०. भिंत तयार करणं आणि बसवणं

रंग, डिस्टेंपर, पुट्टी, जिप्सम, सगळं खरवडून सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत किंवा विटेपर्यंत जा. 'रंग पक्का आहे, छिन्नीने टोचे मारून घेतो' असं गवंडी म्हणतील, ऐकू नका. अधेसिव्ह रंगाला धरतं आणि रंग भिंतीला सोडतो. नवीन गिलावा केला असेल तर पाणी मारून झाल्यावर मोकळा सुकायला धरून एकूण चार आठवडे द्या.

१. लेव्हल पाईपने खालची आडवी रेघ मारा आणि त्या रेघेवर लाकडी पट्टी ठोका, पहिली ओळ तिच्यावर टेकेल. मधली उभी रेघ ओळंब्याने.

२. पिनची भोकं मोठ्या नकाशावरून घेऊ नका, तो आकसण्यापूर्वीचा आहे. प्रत्यक्ष भाजलेल्या तुकड्यांवरून साचा काढा.

३. अधेसिव्ह १० मिमी खाचांच्या थापीने भिंतीवर, आणि तुकड्याच्या मागच्या खाचांतही भरा. दोन्हीकडे. एका वेळी अर्धा चौरस मीटरच पसरा, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. बोट लावून बघा, चिकटलं नाही तर वर साय धरली आहे, खरवडून नवीन घ्या.

४. खालून वर जा. तुकडा दाबून थोडा हलवून बसवा, सांध्यात ३ मिमीच्या स्पेसर.

५. पहिल्या ओळीतला एक तुकडा लगेच ओढून काढा आणि मागे बघा. नव्वद टक्क्यांच्या वर अधेसिव्ह लागलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर जाडी वाढवा. हा तुकडा काढायला सगळ्यांचा जीव होत नाही, पण हीच एक चाचणी खरी आहे.

६. दिवसाला दोन-तीन ओळींवर जाऊ नका, खालचं पकडू द्या. पिना अधेसिव्ह सुकल्यावर घट्ट करा, तेही नायलॉनचा वॉशर घालून आणि हातानेच. स्टील थेट सिरॅमिकवर आवळलं की तुकडा फुटतो.

७. चोवीस तासांनी सांधे ग्राउटने (सांधे भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरा. चारही बाजूंच्या कडेला, छताशी, कोपऱ्याशी ग्राउट नाही, सिलिकॉन. इमारत हलते, स्लॅब थोडा वाकतो, आणि तो दाब कडक सांध्यातून थेट तुकड्यांवर येतो. बाहेरच्या मोठ्या भिंतीला दर तीन मीटरला असाच मऊ सांधा हवा.

खडबडीत मॅट कामावर ग्राउट फासून पुसू नका, छिद्रांत कायमचं बसतं. छोट्या पिशवीने सांध्यात सोडा आणि कडा आधी टेपने झाका.

११. दिवा आणि सुपूर्त करणं

दिवा शेवटी लावतात आणि बहुतेकदा भिंतीच्या बरोबर समोर लावतात, त्याने उठाव सपाट होतो. मॉडेलमध्ये टॉर्चने जो कोन ठरवला होता तोच इलेक्ट्रिशियनला दाखवा. दिवा जिना चढणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही ना ते पायरीवर उभं राहून बघा.

मालकाला एका पेटीत जादा तुकडे, उरलेलं ग्राउट, नंबरांचा फोटो, अधेसिव्हच्या पिशवीवरच्या माहितीचा फोटो आणि पिना कुठे आहेत त्याचा नकाशा द्या. सफाईवाल्यांना समक्ष सांगा की अ‍ॅसिड लावायचं नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी. पहिला पावसाळा संपल्यावर एकदा जाऊन लाकडी हातोडीच्या दांड्याने सगळे तुकडे हलके वाजवून या. पोकळ आवाज आलेल्यांवर टेप लावा, नकाशावर खूण करा, आणि डोक्याच्या वरचा एकही तुकडा त्यात असेल तर तो त्याच दिवशी उतरवून घ्या.